आधी कोपरे पाहा

"वर नका बघू सर. वर समदेच बघत्यात. आधी ह्यो कोपरा बघा."

गोल घुमटाच्या दक्षिण दारातून आम्ही आत्ताच आत आलो आहोत. चपला बाहेर आहेत, पायाखालचा दगड थंड आहे, आणि मिस्त्री मला हाताला धरून उजवीकडच्या कोपऱ्यात घेऊन गेले आहेत. श्रीपूरहून पहाटे निघालो. पंढरपूर, मंगळवेढा मागे टाकत विजापूर गाठले. सहलीची मुले अजून यायची आहेत. दालनात आम्ही दोघे, झाडू मारणारी एक बाई आणि वर कुठेतरी पारवे. पंख फडफडले की तो आवाज दालनभर फिरतो आणि बराच वेळ विरत नाही.

मी शाळेत भूमिती शिकवतो. मिस्त्रींनी उभी हयात गवंडीकामात घालवली आहे. श्रीपूरच्या कारखान्याच्या परिसरातली कितीतरी घरे त्यांच्या ओळंब्याखालून गेलेली. वस्तीवरच्या मंडळींनी आता नमाजासाठी एक खोली बांधायला काढली आहे आणि काम यांच्याकडे आले आहे. वर्गणी बेताची. तरुण पोरांना वर फायबरचा तयार हिरवा घुमट हवा आहे. मोबाईलवर फोटो दाखवतात, ट्रकने घरपोच येतो, चार बोल्टवर बसतो. मिस्त्रींच्या मनाला ते पटत नाही, पण का पटत नाही हेही त्यांना नीट सांगता येत नाही. "घुमट नसंल तर मशीद म्हणायची का न्हाई?" हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधायला दक्षिणेतला सगळ्यात मोठा घुमट पाहायला यावे, हे त्यांनीच ठरवले.

कोपऱ्यात उभे राहिल्यावर कळते, ते म्हणतात ते खरे आहे. सगळी करामत इथे आहे. खालचे दालन चौकोनी, प्रत्येक बाजू सुमारे 135 फूट. वर बसवायचा आहे गोल. चौकोनावर गोल ठेवला की चार कोपरे उघडे पडतात. ते कसे भरायचे, हा प्रश्न जगभरच्या घुमट बांधणाऱ्यांना पडलेला आहे आणि प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवला आहे. विजापूरच्या कारागिरांनी सोडवला तो असा, की आजही मान वर करून पाहताना नजर एका कमानीवरून दुसरीवर घसरत जाते आणि कोपरा नेमका कुठे संपला ते सांगता येत नाही.

मिस्त्री खिशातून हातरुमाल काढतात आणि फरशीवर पसरतात. मग माझा मागून घेतात, त्यावर तिरका टाकतात. दोन चौकोन, एक सरळ, एक फिरवलेला. आठ टोके बाहेर येतात.

"बघा. ह्या सरळ चौकोनाच्या चार बाजूंवर चार कमानी. फिरवल्याल्या चौकोनाच्या चार. आठी कमानी एकमेकीला कापून जात्यात. मंग मधी काय उरतं?"

मधे अष्टकोन उरतो, आणि अष्टकोनावर वर्तुळ सहज बसते. वर्गात फळ्यावर मी ही आकृती कितीदा काढली असेल. ती 57 फुटांवरून सुरू होते आणि हळूहळू आत झुकत येते, हे इथे डोक्यावर दिसते. खालचे 135 फुटांचे दालन वर पोचेपर्यंत 97 फुटांच्या गोल तोंडाएवढे आकुंचन पावते. घुमट मात्र त्या तोंडाच्या काठावर नाही. तो मागे सरकवून, 124 फूट व्यासावर उभा केला आहे. मधे जी रुंद कड राहिली तीच वरची प्रसिद्ध गॅलरी.

"मागं का सरकवला आसंल?" मी विचारतो.

मिस्त्री दोन्ही तळवे एकमेकांवर टेकवून जोर लावतात. "घुमट बसला की भाईर ढकलतो. कुठलीबी कमान भाईरच ढकलती. रेटा असतो त्यो. आन् ह्यो कोपऱ्यातला माल आत झुकल्याला, त्यो आत ओढतो. त्येनं ह्येला धरलं, ह्येनं त्येला."

जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकाने 1876 मध्ये आपल्या ग्रंथात या बांधणीचे कौतुक केले, ते याच मुद्द्यावर. मिस्त्रींनी फर्ग्युसनचे नाव ऐकलेले नाही. रोमच्या पँथिऑनचा घुमट याहून रुंद आहे, पण त्याच्याखालची जमीन याहून कमी. आणि तिथे खालची इमारतच गोल आहे. कोपऱ्यांचा प्रश्नच तिथल्या बांधणाऱ्यांना आला नाही. इथे चौकोन राखून गोल साधला आहे, मधे एकही खांब न घेता. भिंती दहा फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या. वरचा घुमट विटांचा, आडव्या थरांत, सढळ हाताने घातलेल्या चुन्यात.

हे सगळे मोठ्या आकाराचे कौतुक वाटेल, पण मला त्यात दुसरेच काही दिसते. आमच्या तालुक्यात वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर शिळा. ती बांधणी दगडाच्या वजनावर उभी असते. आत गेले की अंतर कमी होत जाते, उजेड कमी होत जातो, आणि शेवटी अंधाऱ्या गाभाऱ्यात एक मूर्ती. सगळा प्रवास त्या एका बिंदूकडे. इथे बरोबर उलटे आहे. आत आल्यावर समोर काहीच नाही. मूर्ती नाही, चित्र नाही, कुठे नजर ठेवावी असे एकही ठिकाण नाही. मोकळी जागा आहे, आणि ती मोकळी जागाच बांधलेली वस्तू आहे. भिंत, कमान, घुमट ही सगळी त्या जागेची कड. इस्लामी वास्तुकलेचे मर्म एका वाक्यात सांग म्हटले तर मी हेच सांगेन. तरीही हेमाडपंती देवळांच्या छतातही चौकोनावर तिरका चौकोन, त्यावर पुन्हा तिरका, असे दगड बसवत वरचे तोंड लहान करत नेलेले आपण पाहतो. मापे वेगळी, हेतू वेगळा, पण चौकोन फिरवायचा ही युक्ती दख्खनच्या पाथरवटाला परकी नव्हती. विजापूरच्या कामावर हात कोणाचे असतील, याचा विचार करताना हे मला सारखे आठवते. परंपरेने या वास्तूचा रचनाकार म्हणून नाव सांगतात ते दाभोळच्या याकूतचे. दाभोळ म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले बंदर.

दालनाच्या मध्यावर चौथरा आहे आणि त्यावर कबरी. मुहम्मद आदिलशहा, त्याच्या बायका, मुलगी, नातू, आणि त्याची लाडकी रंभा. शहा 1656 मध्ये वारला. शहाजीराजे 1636 नंतर ज्याच्या चाकरीत होते तो हाच सुलतान. दारावरच्या फारसी ओळींतून अक्षरांची बेरीज केली की हिजरी 1067 हे त्याच्या मृत्यूचे साल निघते.

मिस्त्री चौथऱ्याजवळ थांबतात, डोक्यावर रुमाल टाकतात, ओठ हलतात. मग हळूच म्हणतात, "ह्या वरच्या नुसत्या खुणा. खरी माती खाली हाय." तळघरात जायचा जिना पश्चिमेकडून आहे. कबरी दक्षिणोत्तर आहेत, कारण शव उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे करून ठेवायचे. आणि आपल्याकडून मक्का पश्चिमेला. एवढ्या अजस्र इमारतीत शिस्त पाळली आहे ती या एका दिशेची. बाहेर पश्चिमेला याच आवारात मशीद आहे, तिचीही मागची भिंत त्याच दिशेला. बाकी थडग्यावर एवढा डोंगर उभारणे हे राजांचे वेड. धर्माच्या रीतीने कबर साधीच असावी लागते, आणि शहाचे खरे शरीरही तसेच, साध्या मातीत आहे.

आता सहलीच्या बसेस येऊन लागल्या आहेत. आम्ही कोपऱ्यातल्या अष्टकोनी मनोऱ्यातून सात मजले चढून जातो. पायऱ्या उंच, अरुंद. मिस्त्री प्रत्येक मजल्यावर थांबतात, दमले म्हणून आणि गिलावा पाहायचा म्हणूनही. गिलाव्यावर कोणी कोणी खिळ्याने नावे कोरली आहेत, बदाम काढले आहेत. त्या ओरखड्यांवरून ते बोट फिरवतात. "चुना परत मिळत न्हाई आसला," एवढेच म्हणतात. मला संताप येतो.

वर गच्चीवर आल्यावर घुमटाच्या बुडाशी मोठाल्या पाकळ्या दिसतात. घुमट त्या पाकळ्यांतून वर आलेला आहे, म्हणजे सांधा झाकला गेला आहे. गॅलरीत मात्र गोंधळ. पोरे शिट्ट्या मारताहेत, एक हाक पुन्हा पुन्हा घुमून येते, मास्तर ओरडून गप्प बसवताहेत आणि त्यांचेही ओरडणे परत येते. मिस्त्री समोरच्या बाजूला जाऊन भिंतीला तोंड लावतात. एवढ्या कल्लोळातही त्यांचा स्वर माझ्या कानाशी, शेजारी बसून बोलल्यासारखा: "सर, ऐकू येतंय का?" मधे सव्वाशे फुटांची पोकळी.

दुपारी इब्राहिम रोजा. शहराच्या पश्चिम अंगाला, गोल घुमटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. नळदुर्गचा पाणी महाल ज्याच्या काळात झाला त्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर; तो 1627 मध्ये वारला. याच्या राज्यात महसुलाचे कागद मराठीत लिहिले जात, आणि याने स्वतः रचलेल्या 'किताब-ए-नौरस' या गीतसंग्रहात सरस्वती आणि गणपती येतात. एका ओट्यावर समोरासमोर थडगे आणि मशीद, मधे पाण्याचा हौद. रचनाकार मलिक संदल. गोल घुमटात ताकद आहे. इथे बोटांचे काम आहे.

मी मिस्त्रींना एका खिडकीपाशी उभे करतो. आता दाखवायची पाळी माझी. दगडाची जाळी आहे, पण जाळीत फुले नाहीत, नक्षीही नाही. अरबी अक्षरे आहेत. अक्षरे दगडाची आणि अक्षरांच्या मधली जागा आरपार कोरलेली. मी पंजा जाळीसमोर धरतो. अक्षरांमधून आलेल्या उजेडाच्या फटी तळव्यावर पडतात. मिस्त्री आपला हात माझ्या हाताशेजारी धरतात. सिमेंटने भेगाळलेला तळवा, त्यावर उजेडाचे तुकडे.

सजीवांची चित्रे प्रार्थनेच्या जागी नकोत, म्हणून या कारागिरांची सगळी बुद्धी तीन गोष्टींत गेली: भूमितीत, वेलबुट्टीत आणि अक्षरात. आणि या तिन्हींना काम करायला लावतो तो उजेड. जाळी हे काही केवळ शोभेचे प्रकरण नाही. ऊन अडवायचे, वारा घ्यायचा, आतल्याला आडोसा द्यायचा, आणि तेवढ्यातच मजकूर वाचायला द्यायचा. एका दगडात चार कामे. आतल्या दालनाचे छत चाळीस फूट चौरसावर, मधला भाग पूर्ण सपाट. भिंतींतून दहा फूट पुढे झुकत आलेल्या वळणाखेरीज त्याला दिसणारा आधार नाही. मिस्त्री कितीतरी वेळ मान वर करून पाहतात. खांब शोधतात, तुळई शोधतात. मग "चुना," म्हणतात, आणि मान हलवतात.

हौदाच्या काठावर आम्ही शिदोरी सोडतो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी त्यांना सांगतो की ही वास्तुकला म्हणजे एकच एक नमुना नव्हे. आफ्रिकेत माली देशातल्या जेन्ने गावची मशीद निव्वळ मातीची आहे, दरवर्षी गाव मिळून लिंपते. चीनमधल्या शीआन शहरातल्या जुन्या मशिदीची छपरे तिथल्या मंदिरांसारखी. केरळात जुन्या मशिदींना लाकडी उतरती छपरे, कारण पाऊस. जेरुसलेमचा खडकावरचा घुमट 691-92 सालचा. घुमट करायची विद्या तिथे आधीच्या रोमी कारागिरांकडून आलेली. मक्केची दिशा दाखवणारा मेहराबीचा कोनाडासुद्धा आठव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाला. जिथे जे मिळाले, जिथल्या हातांना जे येत होते, त्यातून काम झाले. दिशा तेवढी एक.

मिस्त्री घास थांबवून ऐकतात. मग म्हणतात, "मदिनेला रसूलची मशीद होती, तिला खजुराचे खांब हुते. वर पाला. घुमट कुठं हुता?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना सकाळपासून ठाऊक होते असे मला वाटते. फक्त ते पोरांसमोर ठामपणे म्हणायला बळ हवे होते. आता ते खडूने ओट्याच्या दगडावर खोली काढतात. आयत, लांब बाजू पश्चिमेची, म्हणजे पहिल्या रांगेत जास्त माणसे मावतील. मधोमध मेहराबीचा कोनाडा. उत्तरेला आणि दक्षिणेला जाळ्या, सिमेंटच्या साच्यातल्या का होईना, पण आठ कोनांच्या, दोन रुमालांच्या हिशेबाने. साचा ते स्वतः करणार. पूर्वेला मोकळे अंगण आणि वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, पाण्याची टाकी, पाणी वाहून झाडांना जाईल अशी. वर साधा स्लॅब. फायबरच्या घुमटाचे पैसे जाळ्यांना आणि टाकीला.

"आन् कुणी म्हनलं, मशीद वाटत न्हाई, तर?" मी विचारतो.

"तर आत यून उभं ऱ्हा म्हनायचं." ते खडू खिशात टाकतात.

मला हा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. ज्या घुमटाच्या पोटात पोकळी नाही, ज्याच्याखाली उभे राहता येत नाही, तो छपरावर ठेवलेला फलक आहे. त्याने इस्लामी वास्तुकला होत नाही, जशी पत्र्याचे शिखर ठोकून देवळाची वास्तुकला होत नाही. आपल्याकडे हल्ली दोन्ही प्रकार वाढले आहेत आणि दोन्हींत आपल्याच गवंड्यांची, पाथरवटांची विद्या वाया चालली आहे.

सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांनी सहल नेलीच पाहिजे, पण सकाळी लवकर न्यावी, आणि सोबत भूमितीच्या शिक्षकाबरोबर गावातला एखादा जुना मिस्त्रीही न्यावा. मुलांना लगेच गॅलरीत सोडू नका. आधी खाली दालनात उभे करा, दोन हातरुमाल फरशीवर टाका आणि कोपरे दाखवा. आवाज काढायला नंतर वर जाता येते.