उद्याच्या विजेचा भाव कसा ठरतो?

देशातली बहुतेक वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी विकली जाते. बाकीच्या विजेतला काही भाग रोज लिलावात जातो. इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर २००८ पासून चालणारा ‘डे-अहेड’ बाजार हा असाच एक लिलाव. उद्याचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ भागांत विभागतात आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा निघतो. वीज विकणारे आणि घेणारे दोघेही बोली लावतात, पण दुसऱ्याची बोली कोणालाच दिसत नाही.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सौर प्रकल्प ४०० मेगावॉट युनिटला १ रुपयाने द्यायला तयार आहे. एक कोळसा केंद्र ३०० मेगावॉट ३ रुपयांनी, दुसरे ३०० मेगावॉट साडेचार रुपयांनी आणि गॅस केंद्र २०० मेगावॉट ८ रुपयांनी देऊ करते. घेणाऱ्यांपैकी एकाला १० रुपयांपर्यंत ६०० मेगावॉट, दुसऱ्याला ६ रुपयांपर्यंत ३०० आणि तिसऱ्याला ४ रुपयांपर्यंत २०० मेगावॉट हवी आहे. विक्रीच्या बोली स्वस्ताकडून महागाकडे लावायच्या, खरेदीच्या महागाकडून स्वस्ताकडे. दोन्ही रांगा साडेचार रुपयांवर भेटतात आणि ९०० मेगावॉटचा सौदा होतो. दुसऱ्या कोळसा केंद्राची २०० मेगावॉटच विकली जाते. गॅस केंद्र आणि ४ रुपयेवाला ग्राहक बाहेर राहतात.

आणि सौर प्रकल्पालाही साडेचार रुपयेच मिळतात! मागितला १ रुपया, मग एवढे का द्यायचे? कारण ज्याला त्याला त्याच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे ठरवले, तर तो १ रुपया सांगणारच नाही. शेवटचा भाव काय निघेल याचा अंदाज बांधून तो ४ रुपये ४० पैसे मागेल. अंदाज चुकला तर स्वस्त वीज बाहेर राहील आणि महाग केंद्र चालेल. सर्वांना एकच भाव मिळणार असेल, तर छोट्या विक्रेत्याने आपला खरा खर्च सांगणेच हिताचे.

मोठ्या विक्रेत्याचे गणित मात्र वेगळे असते. त्याने एक केंद्र मुद्दाम बंद ठेवले, तर भाव चढतो आणि बाकीच्या केंद्रांवर तो नफा कमावतो. कॅलिफोर्नियातल्या २०००-०१ च्या वीजसंकटात असे प्रकार घडले. त्यामुळे बाजारावर नजर ठेवावी लागते आणि भावाला मर्यादाही घालावी लागते. भारतात केंद्रीय वीज नियामक आयोगाने ही मर्यादा २०२२ मध्ये युनिटला १२ रुपये केली, २०२३ मध्ये १० रुपये. पण टंचाईत भाव मर्यादेला टेकला की त्याला आणखी वर चढून मागणी कमी करता येत नाही. मग असलेली वीज खरेदीदारांत प्रमाणात वाटावी लागते.

तारांचाही अडसर असतो. दोन विभागांमधल्या वाहिनीची क्षमता संपली की बाजार तिथे दुभंगतो, आणि वीज कमी असलेल्या विभागात भाव चढा निघतो.

आदल्या दिवशीचे अंदाज ढग आले की कोलमडतात. त्यासाठी १ जून २०२० पासून ‘रिअल-टाइम’ बाजार आहे. तिथे दर अर्ध्या तासाला नवा लिलाव होतो, भाव काढायची रीत मात्र तीच.