फुलांतील पऱ्या आणि त्यांचे वाचक

फुलें रात्रीं नाचतात, पाकळ्यांआड पऱ्या राहतात, रानांतील गवतफुलें एकमेकांशीं बोलतात, असल्या गोष्टी मुलांच्या हातीं द्याव्या कीं नाहीं, असा प्रश्न पुष्कळ सुज्ञ पालक आम्हांस करितात. ज्या घरीं "खोटें बोलूं नये" असें मुलांस नित्य शिकविलें जातें, त्या घरीं हा प्रश्न क्षुल्लक खास नाहीं. एके बाजूस मुलांचा निर्मळ आनंद, दुसऱ्या बाजूस सत्याविषयींचा आदर. यांपैकीं एकासाठीं दुसऱ्यास मुकावें लागतें काय, हें पाहणें अवश्य आहे. अशा गोष्टी ऐकून व वाचून निरनिराळ्या लोकांनीं काय केलें, याचा थोडा इतिहास पाहिल्यास उत्तर सांपडण्यास मदत होईल.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें ता. ८ मे १८३५ रोजीं हान्स ख्रिश्चन अँडरसन याचें चार गोष्टींचें एक लहानसें पुस्तक निघालें. त्यांतील शेवटची गोष्ट 'लहानग्या ईडाचीं फुलें' ही होय. अँडरसनच्या ओळखीचे थीले नांवाचे एक लोककथासंग्राहक होते. त्यांच्या ईडा नांवाच्या मुलीस फुलांच्या गमती सांगतां सांगतां ही गोष्ट जन्मास आली. गोष्टींतल्या ईडाचीं फुलें कोमेजतात, म्हणून ती कष्टी होते. एक विद्यार्थी तिला सांगतो कीं, तीं रात्रीं नाचावयास गेलीं होतीं, म्हणून आज थकलीं आहेत. फुलांस वाचा नाहीं, मग त्यांचें एकमेकांस कळतें कसें, असें ती विचारते. वारा आला म्हणजे तीं माना हालवून खुणा करितात, असें तिला उत्तर मिळतें. वनस्पतिशास्त्राच्या एका अध्यापकास ह्या खुणा कळत, आणि एका आग लावणाऱ्या झुडपाच्या खुणा न आवडून त्यानें त्याच्या पानांवर चापट मारली, तेव्हां त्याचाच हात पोळला, अशीही गंमत त्यांत आहे.

हें सर्व एक रुक्ष सरकारी अधिकारी ऐकत बसलेला असतो. मुलीच्या डोक्यांत असलें खूळ कां भरवितां, असें तो चिडून म्हणतो. पुढें पुस्तक लोकांच्या हातीं गेल्यावर कोपनहेगनमधील कांहीं टीकाकारांनीं ह्या अधिकाऱ्याचीच री ओढली. गोष्टींत बोध नाहीं, भाषा ग्रंथाला न शोभणारी, घरांत बोलावी तशी आहे, असे त्यांचे आक्षेप होते. अँडरसनला लिहूं नको असें सांगणारेही निघाले. पण त्यानें आयुष्यांत दीडशेंहून अधिक गोष्टी लिहिल्या आणि त्या जगांतील बहुतेक मोठ्या भाषांत गेल्या.

टीकाकारांचें लक्ष गोष्टीच्या शेवटाकडे गेलें नसावें. कोमेजलेलीं फुलें सांगतात कीं, आम्हांस बागेंत पुरा, म्हणजे पुढल्या उन्हाळ्यांत आम्ही अधिक सुंदर होऊन उगवूं. दुसऱ्या दिवशीं ईडा त्यांस एका पेटींत ठेवून आपल्या आतेमामे भावांसह बागेंत पुरते. मरण आणि पुनरुत्थान यांविषयीं लहान मुलाला जेवढें समजेल, तेवढें येथें सांगितलें आहे, व तेंही उपदेशाचा एक शब्द न उच्चारतां.

आतां दुसऱ्या प्रकारचे वाचक पाहूं. इंग्लंडांत यॉर्कशायरमधील कॉटिंग्ली गांवीं १९१७ सालीं सोळा वर्षांची एल्सी राइट व नऊ वर्षांची फ्रान्सिस ग्रिफिथ्स ह्या मावसबहिणींनीं ओढ्याकांठीं छायाचित्रें घेतलीं. त्यांत फ्रान्सिसपुढें चिमुकल्या सपंख पऱ्या नाचतांना दिसत होत्या. कांहीं वर्षांनीं तीं चित्रें सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या हातीं आलीं. शेरलॉक होम्ससारखा चाणाक्ष गुप्तहेर ज्यांनीं निर्माण केला, त्या ह्या लेखकांनीं 'स्ट्रँड' मासिकाच्या डिसेंबर १९२० च्या अंकांत तीं खरीं म्हणून प्रसिद्ध केलीं, आणि १९२२ सालीं त्यांवर एक पुस्तकही लिहिलें. महायुद्धानें घरोघरीं शोक झाला होता; डॉइल यांचा स्वतःचा तरुण मुलगा १९१८ सालीं वारला होता. दृश्य जगापलीकडील कांहीं दिसावें अशी तळमळ त्या वेळीं पुष्कळांस होती, हें विसरून त्यांस हंसणें बरें नव्हे.

खरी गोष्ट मात्र निराळी होती. एका पुस्तकांतील चित्रांवरून एल्सीनें कागदाच्या पऱ्या काढून कापल्या होत्या व टोपीच्या टांचण्यांनीं त्या उभ्या केल्या होत्या. त्याच पुस्तकांत डॉइल यांचीही एक कथा होती! हें सत्य दोघींनीं १९८३ सालीं उघड केलें. एका चित्राविषयीं फ्रान्सिस मात्र शेवटपर्यंत, तें खरें आहे, असेंच म्हणत राहिली. खेळ म्हणून केलेली गोष्ट मोठ्या माणसांनीं सत्य मानली, आणि एवढ्या थोर गृहस्थांची फजिती होईल ह्या संकोचानें त्या मुली साठ वर्षांहून अधिक काळ गप्प राहिल्या. कल्पनेला कल्पना म्हणावयाचें राहून गेलें, तर तिचें केवढें ओझें होतें, हें येथें दिसतें.

ह्याच सुमारास, १९२३ सालीं, क्रॉयडन येथील सिसिली मेरी बार्कर (१८९५–१९७३) हिचें वसंतऋतूंतील फुलांच्या पऱ्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. ही बाई ख्रिस्तावर दृढ श्रद्धा ठेवणारी होती. लहानपणीं तिला अपस्माराचा विकार असल्यामुळें तिचें शिक्षण घरींच झालें. तिची बहीण बालवर्ग चालवीत असे; त्यांतील मुलें समोर बसवून ती पऱ्यांचे चेहरे काढी. फूल मात्र जसेंच्या तसें काढावयाचें, पान, देंठ, कळी कांहीं चुकूं द्यावयाचें नाहीं, असा तिचा नियम होता. नमुने मिळविण्यास क्यू येथील प्रसिद्ध उद्यानांतील लोकांचेंही तिला साहाय्य होई. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या वाटेकांठच्या फुलांवरील पुस्तकांत तिनें बालवाचकांस स्पष्ट सांगून टाकिलें कीं, झाडें व फुलें खऱ्यांवरून काढिलीं आहेत, पण परी आपण कधींही पाहिलेली नाहीं. पऱ्या हा केवळ मानण्याचा खेळ आहे. एवढें सांगितल्यानें मुलांचा आनंद कमी झाला नाहीं. तीं पुस्तकें आजही छापलीं जातात, आणि त्यांवरून रानफुलांचीं नांवें शिकलेलीं मुलें थोडीं नसतील.

ह्यावरून आमच्या मतें एक गोष्ट स्पष्ट होते. गोष्ट आणि असत्य यांतील भेद, सांगणारा व ऐकणारा यांच्यामधील कराराचा आहे. दोघांसही खेळ ठाऊक असेल तर फसवणूक कोणाचीच होत नाहीं. पवित्र शास्त्रांत शास्ते ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत योथाम लोकांस सांगतो कीं, झाडें आपणांवर राजा नेमावयास निघालीं. जैतून, अंजीर व द्राक्षवेल यांनीं नकार दिला, व शेवटीं कांटेझुडूप राजा झालें. झाडें बोलत नाहींत, हें योथामास व शखेमच्या लोकांस ठाऊक होतें. तरी त्यांतील सत्य त्यांच्या वर्मीं लागलें. आणि आपल्या प्रभूनें तर शलमोनाच्या वैभवाहून रानांतील फुलांचा पोशाख थोर म्हटला.

आपल्या भाषेंतही ही परंपरा आहे. फुलांमुलांचे कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं 'वनवासी फूल' लिहिलें. अहमदनगरास त्यांच्या घरीं राहिलेल्या बालकवि ठोमरे (१८९०–१९१८) यांनीं 'फुलराणी' लिहिली. फुलराणीच्या लग्नाची कविता वाचून कळीचें खरोखर लग्न लागतें असें कोणी मानीत नाहीं. पण ती वाचल्यावर कळीकडे पाहण्याची दृष्टि बदलते.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलानें "हें खरें आहे का?" असें विचारल्यास त्या अधिकाऱ्याप्रमाणें त्यास झिडकारूं नये, आणि "हो, खरें आहे" असेंही सांगूं नये. ही मनानें रचलेली गोष्ट आहे असें प्रेमानें सांगावें, व मग त्यास खरें फूल दाखवावें. आणि विद्यार्थ्यांनो, पावसाळ्यांत बांधावर तेरडा फुलेल, तेव्हां त्याची पिकलेली बोंडी हलक्या हातानें दाबून पाहा. ती तडकन् उकलून बीं दूर उडवील. हें कोणत्याही परीच्या जादूइतकेंच नवल आहे, आणि तें कोणी रचलेलें नाहीं. त्यावर तुम्हांस एखादी गोष्ट सुचली तर अवश्य लिहा. फक्त बोंडीचें वर्णन डोळ्यांनीं पाहिलें तसेंच करा.