एकाच ड्रेसिंग रूममधले प्रतिस्पर्धी

१६ ऑक्टोबर १९५२ रोजी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर भारत-पाकिस्तान यांच्यातली पहिली कसोटी सुरू झाली. दोन्ही कर्णधार एकमेकांना चांगले ओळखत होते. भारताचे लाला अमरनाथ लाहोरात वाढलेले. पाकिस्तानचे अब्दुल हफीझ कारदारही लाहोरचेच आणि १९४६च्या इंग्लंड दौऱ्यात अमरनाथांबरोबर भारताकडून खेळलेले!

पाकिस्तानचे गोलंदाज फझल महमूद यांची कथा तर अधिक चटका लावणारी. १९४७-४८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांची भारतीय संघात निवड झाली होती आणि सरावासाठी ते पुण्यात आले होते. तेवढ्यात देश दुभंगला. पुण्याहून मुंबईला जाताना रेल्वेत काही माणसं त्यांच्या अंगावर चालून आली, तेव्हा ज्येष्ठ क्रिकेटपटू सी. के. नायडू हातात बॅट घेऊन मध्ये उभे राहिले, असं फझल यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. लाहोरला पोचल्यावर त्यांनी दौऱ्यातून माघार घेतली.

दिल्लीच्या त्या पहिल्या कसोटीत भारताचे नऊ गडी २६३ धावांत बाद झाले होते. गुलाम अहमद आणि पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी यांनी अखेरच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या. मग विनू मांकड यांनी १३ बळी घेतले आणि भारत एक डाव ७० धावांनी जिंकला.

आठवड्याभरात पारडं फिरलं. लखनौला तागाच्या मॅटिंगवर सामना होता. मांकड, हजारे आणि अधिकारी संघात नव्हते. भारताचा पहिला डाव १०६ धावांत आटोपला. नझर महंमद सलामीला येऊन १२४ धावांवर नाबाद राहिले, फझल यांनी १२ बळी टिपले आणि पाकिस्तानने दुसऱ्याच कसोटीत पहिला विजय मिळवला.

मुंबईच्या ब्रेबॉर्नवर सांगलीचे विजय हजारे यांनी नाबाद १४६ आणि पॉली उमरीगर यांनी १०२ धावा केल्या. भारताने दहा गडी राखून सामना जिंकला आणि पुढे मालिकाही २-१ अशी खिशात घातली.

इथवरचं क्रिकेट रसरशीत होतं. पुढे मात्र हरण्याच्या धास्तीने त्यातला जीवच काढून घेतला. १९५४-५५ मध्ये पाकिस्तानात पाच कसोटी, पाचही अनिर्णित. १९६०-६१ मध्ये भारतात पुन्हा तेच. १९५४-५५च्या दौऱ्यात सीमा ओलांडून हजारो भारतीय लाहोरची कसोटी पाहायला गेले, तेव्हा मैदानात दोन्ही संघ फक्त पराभव टाळत होते. त्यानंतर १९६५ आणि १९७१च्या युद्धांमुळे खेळच थांबला. मुंबईनंतरचा पहिला निकाल लागायला १९७८ साल उजाडावं लागलं. ती लाहोरची कसोटी पाकिस्तानने आठ गडी राखून जिंकली.