छातीवरचा वाघ

सत्तरच्या दशकात ब्रूस ली पडद्यावर आला आणि गावोगावच्या पोरांना हातपाय झाडायचं वेड लागलं. त्याचं होतं कुंग फू, पण थिएटरबाहेर हा भेद कोण पाहतो? पुढे कराटेचे क्लास निघाले, बेल्टच्या परीक्षा आल्या. शोतोकान शैलीच्या क्लासांबरोबर पांढऱ्या पोशाखाच्या डाव्या छातीवर वर्तुळातला वाघही आला.

या वाघाचं मूळ जंगलात नाही, पुस्तकात आहे. ओकिनावातले शाळामास्तर गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये कराटेच्या प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले. चित्रकार होआन कोसुगी त्यांच्या मागेच लागला: तुम्ही पुस्तक लिहा, चित्राचं मी बघतो. जपानीत एखाद्या विद्येच्या प्रमाणग्रंथाला ‘तोरा नो माकी’ म्हणतात. त्यातला ‘तोरा’ म्हणजे वाघ. कोसुगीने तोच रेखाटला. फुनाकोशी ‘शोतो’, म्हणजे पाइनच्या लाटा, या टोपणनावाने कविता करत. ओकिनावातल्या शुरीजवळच्या ज्या डोंगरावर ते पाइनमधून घुमणारा वारा ऐकत फिरत, त्याचं नाव तोराओ, वाघाची शेपटी. शिष्यांनी १९३९ मध्ये उभारलेल्या शाळेवर ‘शोतोकान’ ही पाटी लागली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती इमारत जळाली. वाघ तेवढा राहिला.

हा वाघ झेप घेत नाही. अंग आवळून, सावध उभा असतो. ‘वाघासारखं तुटून पड’ असं पोरांना सांगणाऱ्यांनी चित्र नीट पाहिलेलं नसतं.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र वाघ नुसता चित्रातला नाही. गोंडांचा वाघदेव फार जुना. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य शंभर-दीडशे चौरस किलोमीटरचं. वाघ वाढले तशी त्यांना जागा पुरेना. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसं मेली, ठपका अवनी वाघिणीवर आला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. शहरांत तिच्यासाठी मोर्चे निघाले. इकडे ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत बायामाणसं घोळक्याने वावरात जात होती नि दिवस मावळायच्या आत घर गाठत होती. दोघांचंही म्हणणं खरं होतं, पण भीती मात्र वावरात जाणाऱ्यांच्याच वाट्याला आली होती. पुढच्याच वर्षी टिपेश्वरचा आणखी एक वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, नवा मुलूख शोधत निघाला. तेलंगणातून फिरत फिरत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल सुमारे ३,००० किलोमीटर. वाटेत गावं, शेतं, रस्ते. जवळपास सगळीकडून तो माणसांना टाळतच गेला. कोसुगीच्या चित्राशी याचं जमतं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे आलं, पॅरिसला वगळलं गेलं. क्लासांचं त्याने फारसं अडलं नाही; पालकांना मुलींच्या स्वसंरक्षणाची काळजी पदकांपेक्षा मोठी वाटते. बिघडलं ते बोधचिन्ह. अलीकडे बॅजवर, टी-शर्टवर इंटरनेटवरून उचललेला जबडा फाडलेला वाघ छापतात. रंग भडक, दात मोठे. बॅज शिवून घेणाऱ्यांनी एकदा कोसुगीचा वाघ समोर ठेवावा, आणि जमलं तर पोरांना एक दिवस टिपेश्वरला न्यावं.