तोफगोळ्याचा फ्यूज : वाचण्याजोगा, उचलण्याजोगा नव्हे

तोफगोळा म्हटले की लोखंडाचा अवजड पिंड डोळ्यांपुढे येतो. परंतु त्या पिंडाने केव्हा फुटायचे हे ठरवतो तो त्याच्या टोकाला आट्यांनी बसवलेला मुठीएवढा, बहुधा पितळी फ्यूज. घरातील विजेच्या फ्यूजशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. जुने फ्यूज जमवणे आणि त्यांवरील खुणांवरून त्यांचे कूळ शोधणे हा युरोपात अभ्यासाचा छंद मानला जातो. महाराष्ट्रात मात्र ही वस्तू सामान्य माणसाच्या हाती पडते ती बहुधा भंगार म्हणून. त्यामुळे तिची ओळख हा येथे केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

लाकडापासून पितळेपर्यंत

जून १८१८ मध्ये मालेगावच्या भुईकोट किल्ल्याला इंग्रजी फौजांचा वेढा पडलेला असताना उखळी तोफांच्या माऱ्याने आतील दारूकोठार उडाले आणि किल्ल्याचा प्रतिकार संपत आला. त्या काळातील फुटणाऱ्या गोळ्यांचा फ्यूज म्हणजे दारू ठासलेली लाकडी नळी. गोळा किती वेळाने फुटावा याचा अंदाज बांधून नळी तेवढ्या लांबीची कापायची आणि गोळ्याच्या भोकात ठोकून बसवायची. तोफेच्या जाळाने ती पेटे; अंदाज चुकला तर गोळा आकाशातच फुटे किंवा जमिनीवर नुसता पडून राही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वूलविच येथील एडवर्ड बॉक्सर यांनी या लाकडी फ्यूजला नेमकेपणा आणला. पुढे धातूचे फ्यूज आले. त्यांत दारूची वर्तुळाकार चर असे आणि बाहेरचे कडे फिरवून स्फोटाची वेळ ठरवता येई. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिशांचा ‘क्रमांक ८०’ हा या घराण्यातील प्रसिद्ध फ्यूज. त्याची मूळ रचना जर्मनीच्या क्रुप कंपनीची, आणि व्हिकर्स कंपनीने ती परवान्यावर घेतलेली. युद्ध संपल्यावर, जर्मनांवरच झाडलेल्या गोळ्यांच्या फ्यूजबद्दल क्रुपने स्वामित्वशुल्क मागितले. १९२६ मध्ये हा वाद तडजोडीने मिटला.

खुणांची भाषा

असा फ्यूज ओळखताना अभ्यासक प्रथम आकार पाहतो. फिरते, अंश कोरलेले कडे असेल तर तो वेळेवर चालणारा. कडे नसून टोकाशी आघात झेलणारी रचना असेल तर तो आदळल्यावर फुटणारा. दोन्ही सोयी एकत्र असलेलेही फ्यूज असतात. त्यानंतर तळाचा व्यास आणि आटे मोजले जातात, कारण कोणता फ्यूज कोणत्या गोळ्यात बसेल हे त्यांवरून कळते. शेवटी अक्षरांकडे वळायचे. ब्रिटिश फ्यूजवर प्रकाराचा क्रमांक, सुधारित आवृत्तीचा रोमन आकडा, कारखान्याची आद्याक्षरे, वर्ष आणि उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक कोरलेला आढळतो. ‘आरएल’ म्हणजे वूलविचची रॉयल लॅबोरेटरी. तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. त्याखाली ‘आय’ हे इंग्रजी अक्षर असेल, तर तो माल हिंदुस्थान सरकारचा. एवढ्याशा धातूवर साम्राज्याची सारी हिशेबवही उतरलेली दिसते.

न फुटलेला म्हणजे निकामी नव्हे

हा फ्यूज घातक का ठरतो, हे त्याच्या रचनेतच दडलेले आहे. वाहतुकीत गोळा फुटू नये म्हणून फ्यूजमध्ये अडसर ठेवलेले असतात. तोफेतून सुटताना बसणारा जबर हिसका आणि गोळ्याची गरगर यांमुळे ते बाजूला सरतात. म्हणजेच डागला जाऊनही न फुटलेल्या गोळ्याचे सर्व अडसर निघालेले असू शकतात. उरतो तो फक्त एक धक्का. काळ जाईल तसा धोका ओसरतो, हाही भ्रमच. काही फ्यूजमधील लेड अझाइड हे स्फोटक दमट हवेत पितळेतील तांब्याशी संयोग पावून त्याहूनही संवेदनशील संयुग बनवते. जुन्या गोळ्यांतील पिक्रिक आम्लही धातूंशी मिळून असेच घातक क्षार तयार करते. गंज चढलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा अधिक बेभरवशाची असते, ती यामुळे.

मुंबईने याचा अनुभव घेतला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील सुमारे १,४०० टन स्फोटकांचा स्फोट झाला. ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्या जहाजावरचे न फुटलेले गोळे पुढे अनेक दशके गोदीचा गाळ उपसताना सापडत राहिले. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राभोवतीच्या गावांतील प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे. तेथे गोळ्यांतील तांबे-पितळ भंगारात विकले जाते, आणि ते काढण्यासाठी घातलेला हातोड्याचा घाव काहींच्या जिवावर बेतला आहे. हा छंद नव्हे. दारिद्र्याने पत्करलेला जुगार आहे.

कायदा आणि विवेक

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत फ्यूजचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा ‘आजोबांच्या काळातील शोभेची वस्तू’ म्हणून तो कपाटात ठेवण्यापूर्वी कायद्याचा विचार करणे भाग आहे. एखादा फ्यूज रिकामा आहे की नाही, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. उघडून पाहणे तर आत्मघातच. शेतात, नाल्यात, भंगाराच्या ढिगात किंवा जुन्या पेटीत असे काही आढळले तर त्याला हात लावू नये. ते हलवू नये, घासू नये, पाण्यात टाकू नये. जागा लक्षात ठेवून दूर व्हावे, इतरांनाही दूर ठेवावे आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. पुढचे काम बॉम्बनाशक पथकाचे.

ज्यांना या विषयाची खरी गोडी आहे, त्यांच्यासाठी संग्रहालये आहेत. नाशिक रोड येथे तोफखान्याचे, तर अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तोफा, गोळे आणि त्यांची घडण तेथे निवांतपणे न्याहाळता येते. शिवाय छायाचित्रे, जुनी लष्करी हस्तपुस्तके आणि मोजमापांच्या नोंदी यांवरही संपूर्ण अभ्यास उभा राहू शकतो. फ्यूजवरील अक्षरे वाचायला डोळे पुरतात, हातांची गरज पडत नाही.