आठही दिवे हिरवे, तरी बॅकअप अर्धाच

गेल्या आठवड्यात आरसिंक या बॅकअपच्या साधनाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते आज होणार नाही. मिरजेहून एक पत्र आलंय, सोबत एक फोटो आहे, आणि तो फोटो पाहिल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

तक्रार नेहमीचीच. संगणक वरच्या मजल्यावर, राउटर आणि नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कपेटी) खाली दिवाणखान्यात, मध्ये भिंतीतल्या पाइपातून गेलेली केबल. चारेकशे जीबीचा बॅकअप रात्री लावून झोपायचं आणि सकाळी पाहावं तर तो कधी तीस टक्क्यांवर, कधी साठ टक्क्यांवर मेलेला. संदेश दरवेळी तोच : नेटवर्कवरची जागा सापडत नाही. या गृहस्थांनी नॅसमधली डिस्क बदलली, सॉफ्टवेअर बदललं, राउटरही बदलला. केबलला मात्र हात लावला नाही. ‘केबलचा प्रश्नच नाही’ असं ठासून लिहिलंय, वर दोन पुरावे दिलेत. एक, इंटरनेट झकास चालतं. दोन, नेटवाल्या मुलाने टेस्टर लावून दाखवला, तेव्हा आठही दिवे लागले.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातून केबल निर्दोष ठरते, हे मात्र खोटं.

आधी इंटरनेटचं पाहू. त्यांचा प्लॅन चाळीस एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट. एवढं ओझं आजारी केबलही वाहून नेते. मध्येच दोन सेकंद केबल गचकली तरी व्हिडिओ थांबत नाही, कारण प्लेअरने पुढचा भाग आधीच भरून ठेवलेला असतो. घरातली केबल काठोकाठ भरून, तासन् तास, एका दमात वापरणारं काम एकच : बॅकअप. म्हणून केबलचं दुखणं तिथेच बाहेर पडतं आणि बोल बिचाऱ्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरला लागतो.

हिशेब करून बघा. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये साधारण १५०० बाइट मावतात. ४०० जीबी म्हणजे जवळजवळ २७ कोटी फ्रेम. प्रत्येक फ्रेमच्या शेपटीला ३२ बिटांची एक पडताळणी असते. ती जुळली नाही, की पलीकडचं यंत्र फ्रेम टाकून देतं. गुपचूप. ‘खराब आली, पुन्हा पाठव’ असं इथरनेट कधीही सांगत नाही. काहीतरी हरवलंय हे वरच्या थरावरच्या टीसीपीला नंतर कळतं आणि तो तेवढा तुकडा परत पाठवतो. इथवर ठीक. पण टीसीपी तेवढ्यावर थांबत नाही, तो आपला वेगही कमी करतो.

त्यामागे एक इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. चाळीस हजार नव्हे, चाळीस! दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर होतं अवघं चारशे यार्ड. हरवलेले तुकडे जो तो हट्टाने पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि त्यानेच वाट अधिक तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि १९८८ च्या निबंधात तोडगा मांडला : तुकडा हरवला तर वाट तुंबली आहे असं धरा आणि वेग उतरवा. इंटरनेट त्यावर तरलं. पण मिरजेच्या जिन्यात वाट तुंबलेली नाही, तार बिघडलेली आहे. टीसीपीला हा फरक कळायला मार्ग नाही. तो सभ्यपणे हळू होत जातो. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला ११ मेगाबाइट मिळायला हवेत, तिथे दोन-तीन मिळतात. दहा तासांचं काम दोन दिवसांवर जातं. तेवढ्या वेळात जोडणी एकदा जरी पुरती तुटली, तरी बरीचशी बॅकअप सॉफ्टवेअर हात टेकतात.

आता टेस्टर, आणि तो फोटो. त्यांनी जॅकचा जवळून फोटो काढलाय, त्याबद्दल त्यांना शंभर गुण. आत रंग अगदी शिस्तीत लावलेत : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही तोच क्रम. डोळ्यांना किती बरं वाटतं! आणि इथेच सगळं फसलंय.

केबलमधल्या आठ तारा म्हणजे चार जोड्या आणि प्रत्येक जोडी एकमेकींना पिळलेली असते. हा पीळ शोभेचा नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये त्यासाठी पेटंट घेतलं होतं, टेलिफोनच्या तारेत शेजारच्या तारांची खरखर शिरू नये म्हणून. पिळलेल्या दोन्ही तारांवर बाहेरचा उपद्रव सारखाच पडतो आणि दोघींमधला फरक मोजला की तो वजा होऊन जातो. पण त्यासाठी एका संदेशाच्या दोन तारा एकाच पिळातल्या हव्यात.

शंभरच्या वेगाला १-२ आणि ३-६ या पिना लागतात. तीन आणि सहा. तीन आणि चार नव्हे. मधल्या ४-५ या पिना टेलिफोनच्या जुन्या रिवाजाने राखलेल्या, म्हणून दुसरी जोडी त्यांच्या दोन्ही बाजूंनी बसवलेली आहे. त्यासाठी ‘बी’ या ठरलेल्या रंगक्रमात पांढऱ्या-हिरव्यानंतर निळा, मग पांढरा-निळा, आणि त्यानंतर हिरवा येतो. आमच्या नेटवाल्या मुलाने रंगांची रांग नीट लावण्याच्या नादात तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीतली तार बसवली आणि सहाव्या पिनेवर निळ्या जोडीतली. पीळ गेला कामातून. टेस्टर मात्र एवढंच विचारतो, की एक नंबर पलीकडे एकलाच पोचला का. पोचला. दिवा लागला. कोण कुणाशी पिळलेला आहे हे त्या स्वस्तातल्या डबीला कळणं शक्यच नाही. ते मोजणारी यंत्रं असतात, पण त्यांच्या किमतीत नवा संगणक येतो.

अशी केबल हातभर लांबीची असती तर कदाचित खपून गेलं असतं. दोन मजल्यांत नाही खपत.

गिगाबिटचं दुखणं याहून मजेशीर. १००० चा वेग चारही जोड्या वापरतो, पण ‘आपण कुठल्या वेगाने बोलायचं’ ही बोलणी मात्र १-२ आणि ३-६ वरच होतात. तिथे दोन्ही यंत्रं हजारावर एकमत करतात, प्रत्यक्ष जोडायला जातात आणि आपटतात. काही कार्डं शहाणी असतात. ती दोन-चारदा आपटल्यावर मुकाट्याने शंभरवर उतरतात. इतर कार्डांवर दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. भिंतीत एखादी तपकिरी तार तुटली तरी हेच होतं.

तुमच्याकडे काय चाललंय ते बघायचं असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली ‘लिंक स्पीड’ वाचा. दोन्हीकडची यंत्रं गिगाबिटची असून तिथे १००/१०० दिसत असेल, तर संशय केबलवर घ्या. मग कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटस्टॅट -ई’ चालवून चुकांचा आकडा टिपून ठेवा. आता एखादी मोठी फाइल नॅसवरून संगणकावर आणा. उलट दिशेने, मुद्दाम. बॅकअप जाताना बिघडलेल्या फ्रेम पलीकडचं टोक मोजतं, तुमचा संगणक नव्हे. त्यामुळे आकडा शून्य पाहून पुष्कळ लोक फसतात. फाइल येताना तो चढू लागला, तर जॅक कापायला घ्या.

कापताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. ‘ए’ क्रम की ‘बी’, हा वाद घालू नका, दोन्ही टोकांना एकच ठेवा म्हणजे झालं. आणि तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. दुकानदार खोक्यावर कॅट-६ छापलेलं दाखवेल, तरी ती भिंतीत घालू नका.

मिरजेच्या वाचकांनी दोन्ही जॅक नव्याने मारून घेतले. लिंक स्पीड १००० आला. पहिल्या रात्री बॅकअप तरीही अर्ध्यावर थांबला, कारण संगणक झोपी गेला होता. तो रोग वेगळा, त्यावर सहाव्या भागात बोललो आहोत. दुसऱ्या रात्री पूर्ण झाला.

आरसिंक आता पुढच्या आठवड्यात. तोवर एक काम करून ठेवा. नॅसचा फोल्डर तुम्ही संगणकावर डिस्कसारखा जोडून मग आरसिंक चालवता का, ते पाहा. तसं असेल तर आरसिंक त्या फोल्डरला स्थानिक डिस्क समजतो आणि बदललेल्या फाइलचा फक्त फरक न पाठवता अख्खी फाइल पाठवतो. ५० जीबीच्या मेलबॉक्समध्ये एक पत्र वाढलं तरी पन्नासच्या पन्नास.