शेजाऱ्याची तक्रार करावी का?



नीरा डाव्या कालव्याची पाळी सुरू झाली की एक प्रश्न दरवर्षी निघतो. शेजाऱ्यानं पाळी नसताना रात्री दारं मोडून पाणी घेतलं, तर पाटकऱ्याला नाव सांगायचं का? सांगावं तर बांधाला बांध लागलेला, न सांगावं तर टेलचा शेतकरी कोरडा राहतो.

2020 साली टाळेबंदीत हाच प्रश्न पाण्याऐवजी रोगाचा झाला. 25 मार्चपासून देश बंद होता. एप्रिलमध्ये राजस्थानातील भिलवाड्याच्या धर्तीवर बारामती शहर पूर्ण बंद करून गरजेच्या वस्तू घरपोच देण्यात आल्या. त्या दिवसांत इंदापूर भागातल्या एका सभासदाचा मला फोन आला. "साहेब, शेजाऱ्याचा पोरगा मुंबईहून आलाय, घरात लपवलाय. पोलिसांना कळवू का?" मी म्हटलं, आधी त्याच्या बापाशी बोला. बाप ऐकेना. तेव्हा त्यांनी आशाताईंना सांगितलं. पोरगा चौदा दिवस शाळेत राहिला. दोन्ही घरांत वर्षभर बोलणं नव्हतं. पण पोराच्या घरात ऐंशी वर्षांची आजी होती, ती वाचली असं मी समजतो.

कायदा काय सांगतो तेही माहीत असावं. साथरोग अधिनियम 1897 चा, प्लेगच्या वेळचा. आदेश मोडणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या 188 कलमाखाली कारवाई व्हायची. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं 223 कलम आहे. अशा गुन्ह्यात संबंधित सरकारी अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. म्हणजे आपण देतो ती फक्त खबर. पुढचं अधिकाऱ्यानं ठरवायचं. 2022 मध्ये राज्य सरकारनं टाळेबंदीतले 188 खालचे गुन्हे मागे घेण्याचं जाहीर केलं. खटले मिटले, गावातली तेढ मात्र काही ठिकाणी अजून आहे.

1897 साली पुण्यात रँडच्या कारकिर्दीत सोजिरांनी घरं झडली, तेव्हा लोक भीतीपोटी रोगी लपवू लागले. नुसत्या धाकानं रोग दडतो, हा त्यातला धडा.

म्हणून माझ्या मते असं करावं :

1) धोका दुसऱ्याला आहे का ते पाहावं. एकटा माणूस रानात पाणी द्यायला गेला, तर त्यात कुणाचं नुकसान नाही. बंद शटरआड गर्दी जमवणाऱ्या दुकानाची गोष्ट वेगळी.

2) आधी समोर जाऊन, लांबूनच का होईना, सांगावं.

3) ऐकलं नाही तर आशाताई, सरपंच किंवा पोलीस पाटील यांना कळवावं. गर्दीचा धंदा चालूच राहिला, तर पोलीस ठाण्याला.

4) मोबाईलवर फोटो फिरवू नये, बांधाचा जुना राग यात काढू नये.

आणि ज्याला घरात बसवलं, त्याच्या घरी दूध-किराणा पोचवावा, त्याच्या उसाला पाणी द्यावं. तेवढं केलं तर खबर देणाऱ्यालाही पुढं त्याच्या तोंडाकडं बघता येतं.

कळावे,
ऊस विकास अधिकारी